मराठवाड्यात काम कुठे होतं, नोंद कुठे होते : आर्थिक भूगोलाचा पहिला अभ्यास करणाऱ्यांसाठी

एम.ए.चा लघुप्रबंध असो, पीएच.डी.चा आराखडा असो, की आपल्या तालुक्याबद्दलचं नुसतं कुतूहल असो. मराठवाड्यात उद्योग, व्यापार आणि रोजगार कुठे एकवटलाय आणि कुठे पोचलाच नाही, हा विषय तुम्ही घेतला असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी हा अभ्यास केला तेव्हा पहिलं अख्खं वर्ष चुकीच्या तक्त्यांमध्ये घालवलं. ते वर्ष तुमचं वाचावं म्हणून हे लिहितोय.

एक प्रश्न सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : हे काम झालं कुठे आणि त्याची नोंद झाली कुठे? आपल्याकडे या दोन जागा फार वेळा वेगळ्या असतात. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न परत विचारायचा आहे.

## आधी काय जमवायचं

- २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, तुमच्या जिल्ह्याची आणि शेजारच्या जिल्ह्यांचीही
- अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, जितकी वर्षं मिळतील तितकी
- राज्याची ‘आर्थिक पाहणी’ (दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येते)
- सहाव्या आर्थिक गणनेचे (२०१३-१४) जिल्हा तक्ते
- रिझर्व्ह बँकेची जिल्हानिहाय ठेवी आणि कर्जांची आकडेवारी
- कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरची बाजार समित्यांची आवक
- लॅपटॉप, एक्सेल आणि क्यूजीआयएस. हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं
- कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांच्या सहीच्या पत्राच्या दहा प्रती. दोन प्रती नेल्यात तर दुसऱ्याच दिवशी परत कॉलेजात जावं लागेल.

## १. प्रश्न लहान करा

‘मराठवाडा मागास का?’ हा लघुप्रबंधाचा प्रश्न होऊ शकत नाही. त्यासाठी सरकारला समित्या नेमाव्या लागल्या : दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष मोजला, केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. दोन्ही अहवालांमधली मराठवाड्याची प्रकरणं जरूर वाचा, पण त्यांचा प्रश्न उचलून आपल्या माथी घेऊ नका.

वर्षभरात उत्तर मिळेल असे प्रश्न वेगळे असतात. उमरग्याचा माणूस मोठ्या खरेदीला आणि दवाखान्याला लातूरला जातो की सोलापूरला? जालन्यातल्या स्टील कारखान्यांभोवती कोणते छोटे धंदे उभे राहिले? वसमत-हिंगोलीच्या हळदीवर प्रक्रिया तिथेच होते की माल पोत्यातच बाहेर जातो? यात जागा ठरलेली आहे, व्यवहार ठरलेला आहे आणि विचारायचं कुणाला हेही ठरलेलं आहे.

## २. हद्दी आणि नावं यांचा घोळ आधी मिटवा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. परभणी जिल्ह्याचे १९९१ आणि २००१ चे आकडे मी शेजारी शेजारी मांडले. लोकसंख्या घटलेली, काम करणारे घटलेले. मी स्थलांतरावर दीड पान लिहून मोकळा झालो. मार्गदर्शकांनी ते शांतपणे वाचलं आणि एवढंच विचारलं, “अहो, हिंगोली कुठंय?” १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला होता. परभणी रिकामी झाली नव्हती, तिची वाटणी झाली होती.

म्हणून हे पाठ करा : जालना १९८१ मध्ये औरंगाबादपासून (परभणीचा परतूर भागही त्यात आला), लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून आणि हिंगोली १९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झाला. जुन्या वर्षांशी तुलना करायची तर नवे जिल्हे जुन्यात परत मिळवा आणि मग बेरीज करा. तालुक्यांचंही तेच. वडवणी, शिरूर कासार, फुलंब्री, देवणी, जळकोट, वाशी, लोहारा हे १९९१ च्या तक्त्यात शोधाल तर सापडणार नाहीत. आज आठ जिल्ह्यांत मिळून ७६ तालुके आहेत.

नावांचं दुखणं वेगळं. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, पण २०११ च्या फायलींमध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद. बीडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत एक, इतर खात्यांत दुसरं. नावांवरून दोन तक्ते जोडायला गेलात की संगणक गपचूप ओळी गाळतो आणि कळतही नाही. म्हणून कायम संकेतांकांवरून जोडा. २०११ च्या जनगणनेत आपले जिल्हे ५११ (नांदेड) ते ५१५ (औरंगाबाद) आणि ५२३ (बीड) ते ५२५ (उस्मानाबाद) असे आहेत.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अहवालांत ‘मराठवाडा’ हा शब्द येत नाही. तिथे आपल्या विभागाचं नाव ‘इनलँड सेंट्रल’ आहे. हे माहीत नसेल तर माहिती समोर असून हाताला लागत नाही.

## ३. प्रत्येक आकडा काय सांगत नाही, ते आधी वाचा

जनगणना. काम करणाऱ्यांचे चार गट : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. या ‘इतर’मध्ये संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतला फिटर आहे, तालुक्याचा वकील आहे आणि पानटपरीवालाही आहे. त्यामुळे ‘इतर’ म्हणजे उद्योग, असं लिहू नका. वर्षात सहा महिन्यांहून कमी काम मिळालेले ‘सीमांतिक’ म्हणून वेगळे मोजलेले असतात. आपल्या कोरडवाहू तालुक्यांत हा गट वगळलात तर निम्मी गोष्ट सुटते.

आर्थिक गणना. आस्थापनांची, म्हणजे दुकानं, वर्कशॉप, गिरण्या यांची मोजणी. तालुक्याच्या पातळीवर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पण पीक उत्पादन यात नाही आणि सरकारी प्रशासनही नाही. ज्या तालुक्याचं सगळं चाक कापूस आणि सोयाबीनवर फिरतं, त्याचं हे चित्र अर्धं असणार, हे धरूनच वापरा.

जिल्हा उत्पन्न. वर्तमानपत्रात दरडोई उत्पन्नाची क्रमवारी छापून येते, त्यात मराठवाड्यात संभाजीनगर वर असतं. बऱ्याच क्षेत्रांचा जिल्ह्याचा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. राज्याची बेरीज कामगारसंख्येसारख्या निर्देशकांवरून जिल्ह्यांत वाटलेली असते. त्यामुळे दोन जिल्ह्यांमधल्या थोड्याशा फरकावर निष्कर्ष उभारू नका.

बँकांची आकडेवारी. ठेव शाखेच्या गावी नोंदली जाते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आई-वडिलांच्या खात्यावर टाकलेले पैसे अंबाजोगाईची ठेव म्हणून दिसतात. उलट, कंपनीचं मोठं कर्ज मुख्य कार्यालय असलेल्या महानगरात दिसू शकतं, मशीन मात्र वाळूजमध्ये चालतं.

कारखान्यांची नोंद. फक्त कायद्याने कारखाना म्हणून नोंदलेले. छोटी डाळ मिल आणि पत्र्याच्या शेडमधलं वेल्डिंग यात येत नाही. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रातली उद्यम नोंदणी पाहा, पण ती जुलै २०२० मध्ये सुरू झालेली आहे आणि नोंदणी केलेलं युनिट आज चालू आहे का, हे ती सांगत नाही.

## ४. एकच गणित, पण नीट करा

स्थान गुणांक. तुमच्या तालुक्यात एखाद्या व्यवसायाचा वाटा किती, भागिले मराठवाड्यात त्याच व्यवसायाचा वाटा किती. समजा तालुक्यातल्या दर शंभर कामकऱ्यांत १२ जण घरगुती उद्योगात आहेत आणि मराठवाड्यात शंभरात ३. गुणांक ४. म्हणजे तो धंदा इथे चौपट दाटलेला आहे. एकपेक्षा कमी आला तर विरळ.

तक्त्यात गुणांकाशेजारी माणसांची मूळ संख्या नेहमी द्या. छोट्या तालुक्यात एकच जिनिंग असली तरी गुणांक उड्या मारतो. आणि मोठा गुणांक म्हणजे सुबत्ता नव्हे. शेतमजुरीचा गुणांक जिथे सगळ्यात जास्त येईल, तिथे लोकांकडे जमीन आणि पर्याय दोन्ही कमी आहेत, असाच अर्थ बहुधा निघेल.

## ५. शहरांची उतरंड मांडून पाहा

हा अर्ध्या तासाचा प्रयोग आहे आणि मला स्वतःला त्यातून फार शिकायला मिळालं. एक ढोबळ नियम आहे : पहिल्या शहराच्या निम्मं दुसरं, तिसरा हिस्सा तिसरं, चौथा हिस्सा चौथं. २०११ ची लोकसंख्या घ्या. औरंगाबाद ११.७५ लाख. नियमाने दुसरं शहर ५.९ लाखांचं हवं, नांदेड ५.५ लाख. तिसरं ३.९ लाखांचं हवं, लातूर ३.८ लाख. चौथं २.९ लाखांचं, परभणी ३.१ लाख. पाचवं २.३५ लाखांचं, जालना २.८५ लाख, म्हणजे अपेक्षेपेक्षा थोडं मोठंच.

सहाव्यापासून मात्र हे जुळणं तुटतं. १.९६ लाखांच्या जागी बीड साधारण १.४७ लाख. सातवं १.६८ लाखांचं हवं, तिथे उस्मानाबाद १.१ लाखाच्या आसपास. म्हणजे वरची पाच शहरं नियमाला धरून आहेत आणि त्यांच्या खालची फळी खुरटलेली आहे. मराठवाड्याचं म्हणणं मांडताना आपण कायम पुण्या-मुंबईशी तुलना करतो. मला वाटतं, आपल्याच आतली ही पोकळी जास्त लक्ष देऊन अभ्यासण्यासारखी आहे.

कारणं शोधताना रेल्वेचा जुना नकाशा समोर ठेवा. औरंगाबाद, जालना, परभणी आणि नांदेड ही चारही निजामाच्या काळातल्या मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहेत, आणि लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येत होती. बीड शहरात रेल्वे पोचायला २०२५ उजाडलं. हे एकमेव कारण नक्कीच नाही. पाणी आहे, जिल्ह्याचं ठाणं असणं आहे, औद्योगिक वसाहती कुठे दिल्या हे आहे. पण पहिलं कारण तपासायला इथून सुरुवात करा.

इथेही वहीतला तो प्रश्न विसरू नका. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर अशी दाट वस्ती उभी राहिली. ती महापालिकेच्या हद्दीबाहेर होती आणि बराचसा भाग गंगापूर तालुक्यात मोडतो. त्यामुळे वरच्या ११.७५ लाखांत ती माणसं नाहीत. आणि तक्त्यात गंगापूर तालुका एकदम उद्योगप्रधान दिसतो, जरी त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचं गाव कापसावर जगत असलं तरी.

## ६. खरी हद्द एसटी स्टँडवर सापडते

जिल्ह्याची रेघ सरकारने आखली, माणसं तिच्यावरून रोज येतात-जातात. आष्टीचा व्यवहार अहिल्यानगरकडे, तुळजापूर-नळदुर्गचा सोलापूरकडे, किनवटचा आदिलाबादकडे, उदगीर-देगलूरचा बिदर आणि तेलंगणाकडे. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण तुम्हाला ते मोजून दाखवायचंय.

*पहिला मार्ग.* स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि प्रत्येक दिशेला दिवसाच्या किती फेऱ्या आहेत ते मोजा. फक्त तिथून सुटणाऱ्या गाड्या मोजा. लांब पल्ल्याची, नुसती थांबून पुढे जाणारी गाडी त्या गावाचा संबंध दाखवत नाही. मग चौकशी खिडकीवर विचारा, यातल्या किती फेऱ्या आज खरोखर चालू आहेत. बोर्ड जुना असतो.

*दुसरा मार्ग.* बाजार समितीचं फाटक. तूर किंवा सोयाबीनच्या हंगामात लातूरला पहाटेपासून उभे राहा. एका सकाळी मी चहाच्या टपरीच्या बाकावर बसून आत जाणाऱ्या माल भरलेल्या गाड्यांच्या पाट्या टिपत होतो : एमएच २४ लातूरची, एमएच २५ धाराशिवची, मधूनच केए ३८, म्हणजे बिदर. दहा वाजेपर्यंत तीन पानं भरली. शेजारी बसलेल्या हमालाने वहीत डोकावून सांगितलं, “साहेब, पाटी बघून काय कळतंय? ती गाडी लातूरच्याच मालकाची हाय, माल भालकीचा हाय.” तेव्हापासून मी पाटीबरोबर ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारू लागलो : माल कुठला? लोक सांगतात. फक्त सौदा चालू असताना मध्ये जाऊ नका आणि अडत्याला ‘उलाढाल किती?’ असं पहिल्याच भेटीत विचारू नका. ‘यंदा आवक कुठून वाढली?’ असं विचारलंत की तो स्वतःहून तासभर बोलतो.

*तिसरा मार्ग.* आठवडी बाजार. एका परिसरातल्या गावांचे बाजाराचे वार नकाशावर मांडा. शेजारशेजारच्या गावांचे वार सहसा वेगळे असतात, कारण कापडवाला, भांडीवाला, बांगडीवाला तोच असतो आणि तो रोज गाव बदलतो. त्याच्या आठवड्याचा मार्ग विचारून घ्या. जिथे वर्षभर दुकान चालेल एवढं गिऱ्हाईक नाही, तिथे सेवा कशी पोचते, हे पुस्तकापेक्षा त्या टेम्पोवाल्याकडून चांगलं समजतं.

## ७. हंगाम चुकवू नका

जानेवारीत शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर मी प्रश्नावली घेऊन गेलो. बारा घरं, नऊ घरांना कुलूप. एका ओसरीवर आजी, तीन नातवंडं आणि दोन शेळ्या. आजी म्हणाल्या, “समदे कारखान्यावर गेलेत बाबा. पाडव्याला ये.” मी वीस प्रश्नावल्या कोऱ्या घेऊन परतलो.

बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती तोडीतून फेडायची. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गावी परत.

आता आकड्यांकडे पाहा. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. म्हणजे ऐन गाळपात ही माणसं उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत होती. तिथे गणनाकार पोचला असेल तर नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, नसेल पोचला तर नोंदच नाही. उचलीचे पैसे मात्र गावात खर्च झालेले असतात : लग्नावर, घरावर, दवाखान्यावर, जुन्या कर्जावर. साखरेचं उत्पन्न कारखान्याच्या जिल्ह्यात, श्रम बीडचे, आणि बीडच्या तक्त्यात दोन्ही नाही. पुढची जनगणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे. ऊसतोडीच्या गावांवर काम करणाऱ्याने हे आत्ताच लक्षात ठेवावं.

गावात काम करायचं तर पाडवा ते पोळा हा काळ धरा, त्यातही पेरणीचे दिवस सोडून. बाईंशी वेगळं बोला, आणि शक्य असेल तर बाईनेच बोलावं. कोयता जोडीचा असतो, पण हिशेब पुरुषाच्या तोंडून ऐकायला मिळतो आणि पहाटेचा स्वयंपाक, पाणी, मोळ्या वाहणं त्यात येत नाही. आणि उचलीची रक्कम मुकादमासमोर कधीही विचारू नका. तुम्ही निघून जाता, त्या माणसाला त्याच मुकादमाबरोबर पुढचा हंगाम काढायचा असतो.

## ८. कचेऱ्यांमध्ये

जिल्हा सांख्यिकी कार्यालयात आधी जा, कलेक्टर ऑफिसात नंतर. ‘सगळा डेटा द्या’ म्हणू नका. तक्त्याचं नाव आणि वर्ष लिहून न्या. एका कार्यालयात मला तीन वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकावं लागलं. चौथ्या वेळी तक्त्याचं नाव कागदावर लिहून नेलं आणि वीस मिनिटांत झेरॉक्स हातात आली. अग्रणी बँकेकडून जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा मागा, त्यात तालुकानिहाय आकडे असतात. उद्योजकांना भेटायचं असेल तर संभाजीनगरात मसिआ आणि सीएमआयए या संघटनांमार्फत जा, थेट फाटकावर गेलात तर सिक्युरिटी आत सोडत नाही. काहीच हलत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज : दहा रुपये, तीस दिवस. पण तो शेवटी, कारण अर्ज गेला की गप्पा बंद होतात आणि कागदात नसलेलं बरंच काही गप्पांतूनच कळतं.

## ९. लिहायला बसताना

प्रत्येक तक्त्याखाली दोन ओळी लिहा : हा आकडा कुणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी मोजला. जालन्याचं बियाणं हे चांगलं उदाहरण आहे. कंपन्या आणि प्रक्रिया जालन्यात, पण बियाण्याचे प्लॉट शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा परिसरातही. ‘जालन्याचा बियाणे उद्योग’ एवढंच लिहिलंत तर हाताने परागीकरण करणाऱ्या तिकडच्या बाया तुमच्या प्रबंधातून गायब होतील. तिथे नकाशावर जिल्ह्याच्या रेघेबाहेर एक ठिपका द्या.

नकाशाचे रंग टक्केवारीने भरा, पण ठिपके प्रत्यक्ष संख्येने. नुसते रंग भरले की मोठ्या क्षेत्रफळाचा विरळ तालुका डोळ्यांत भरतो आणि छोटा दाट तालुका दिसत नाही.

प्रबंध सादर झाला की ज्या गावांत गेलात तिथे तीन-चार पानांचा मराठी सारांश नेऊन द्या, ग्रामपंचायतीत एक आणि शाळेत एक. मी पाडव्यानंतर त्या वस्तीवर परत गेलो तेव्हा नऊही घरं उघडी होती. आजींच्या सुनेने सारांश मुलाकडून वाचून घेतला आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाली, “इथं पाच महिने लिवलंय. आम्ही औंदा सहा महिने होतो.” मी तिथेच पेनने दुरुस्ती केली आणि घरी आल्यावर बाकीच्या घरांचे महिनेही फोन करून परत तपासले.